विश्लेषण : केळापूरच्या उन्हामागचा ‘ऋण हायड्रोजन’ काय आहे?

केळापूरच्या कपाशीवर पडणारं ऊन सूर्यातून बाहेर पडतं, त्यात एका नाजूक कणाचा मोठा वाटा आहे.

हा कण कोणता?
हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याला दुसरा चिकटला की ऋण हायड्रोजन आयन बनतो. पहिल्याला सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, दुसऱ्याला जेमतेम ०.७५.

सूर्याशी संबंध काय?
दुसरा इलेक्ट्रॉन चिकटताना प्रकाश सुटतो, तुटताना शोषला जातो. सूर्याच्या दृश्य प्रकाशाचं हेच मुख्य कारण, असं रूपर्ट विल्ड यांनी १९३९मध्ये सुचवलं. चंद्रशेखर यांनी पुढे त्याची गणितं मांडली.

प्रयोगशाळेत काय दिसलं?
सुमारे ११ इलेक्ट्रॉन व्होल्टला दोन्ही इलेक्ट्रॉन क्षणभर एकत्र उत्तेजित होतात. हे ‘अनुनाद’. ते पाहण्यासाठी अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये प्रकाशाच्या ८४ टक्के वेगानं धावणाऱ्या आयनांवर समोरून लेझर सोडला गेला. आयनांना तो जास्त ऊर्जेचा अतिनील प्रकाश ठरतो.

आपल्याला काय?
‘आदित्य-एल१’वरची, पुण्याच्या आयुकानं घडवलेली ‘सूट’ दुर्बीण सूर्याला अतिनील किरणांत टिपते. तिथं धातूंचे अणू जास्त प्रकाश शोषतात, म्हणून वरचे थर दिसतात. उपग्रहांना धोक्याच्या सौरज्वाळा समजून घ्यायच्या, तर कुठला प्रकाश कुठल्या थरातून येतो हे आधी कळायला हवं.