यजमान कोण?

ओस पडलेल्या गिरण्या, टांकसाळी आणि वखारी यांत कलावंतांसाठी निवास उघडावेत, अशी टूम अलीकडे देशोदेशी निघाली आहे. चित्रकाराने वा शिल्पकाराने तेथे दोन-तीन महिने राहावे, काम करावे, आणि मृतप्राय वास्तूस नवे आयुष्य द्यावे, असा तिचा आशय. जुनी वास्तू पाडण्यापेक्षा ती वापरात आणणे केव्हाही श्रेयस्कर, हे आम्हांसही मान्य आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. या निवासाचा पाहुणा कोण, हे सर्वजण सांगतात. यजमान कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

जामबागेतील मराठी माणसास हा प्रश्न दूरचा वाटू नये. विवेकवर्धिनीच्या परिसरातून निघून, फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढीत थोडे पुढे गेले की गनफाउंड्रीचा मोहल्ला लागतो. निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सेनानी रेमाँ याने १७९५ च्या सुमारास तेथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला; आज एक भग्न अवशेष आणि मोहल्ल्याचे नाव, एवढेच उरले आहे. सैफाबादेस १९०३ पासून चाललेल्या टांकसाळीचे काम १९९७ साली चेर्लापल्लीस गेले, आणि २०२२ साली जुन्या इमारतीत नाण्यांचे संग्रहालय उघडले. वरंगळास १९३४ साली निघालेली आझमजाही मिल बंदच पडली. उद्या अशा एखाद्या वास्तूत कोणी कलावंत-निवास काढू म्हणाला, तर आपण कोणत्या अटी घालाव्यात, हे आजच ठरविलेले बरे.

याची उदाहरणे आहेत. जर्मनीत लाइपझिग येथे १८८४ साली स्थापन झालेली सूतगिरणी १९९० नंतर थंडावली, आणि तिच्या दालनांत चित्रकारांनी बिऱ्हाडे थाटली. आपल्याकडे फोर्ट कोचीस समुद्रकाठच्या ‘पेपर हाउस’ या जुन्या मसाल्याच्या वखारीत कोची बिएनाले फाउंडेशनने कलावंतांना राहण्याची व काम करण्याची सोय केली. त्या वखारीपासून मट्टनचेरी ती काय लांब? पोर्तुगीज अमदानीत गोवा सोडून गेलेल्या कोंकणी कुटुंबांनी तेथे तिरुमल देवस्वम उभारले आणि व्यापारात जम बसविला. या भूमीची एक जुनी गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘होर्टस मलबारिकस’ हा वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे साह्य त्याने घेतले. त्यांची १६७५ सालची कोंकणी साक्ष १६७८ पासून आम्स्टरडॅमला निघालेल्या त्या ग्रंथात नागरी लिपीत छापली गेली. परका सत्ताधारी, व्यापारी कंपनीचा चाकर. परंतु ज्यांच्या ज्ञानावर आपले काम उभे राहिले, त्यांची नावे त्याने छापली. आजच्या कलावंत-निवासांकडून याहून कमी अपेक्षा का करावी?

मुंबईचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्यांतील असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. पुढे त्याच आवारांतून कचेऱ्या, उपाहारगृहे आणि उंची दुकाने थाटली गेली. जुनी धुराडी शोभेपुरती राखली गेली. जणू गिरणगावात त्यापूर्वी कला नव्हतीच! वस्तुतः अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे या दोघांनीही गिरणीत काम केले होते. चाळीचाळींतून भजनी मंडळे होती, कोंकणातल्या चाकरमान्यांचे दशावतार आणि नमन होते. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली परळला कामगारांसाठी उभारलेले दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. खरा कलावंत-निवास तो होता. त्याचे भवितव्य टांगणीला लावावयाचे आणि शेजारच्या गोदामात कलेचे पुनरुज्जीवन झाले म्हणून टाळ्या पिटावयाच्या, याला आम्ही संस्कृती म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल की, कलावंतास एकांत हवा. त्याच्या गळ्यात समाजसेवेचे लोढणे कशाला? एकांत अवश्य द्यावा. परंतु पाहुण्याने यजमानाचे नाव विचारावे, हे लोढणे नव्हे, हा साधा शिष्टाचार आहे. शिवाय ज्या जमिनीचा भाव वाढावा म्हणून आज कलावंतास बोलाविले जाते, त्याच जमिनीवरून भाव वाढल्यावर त्यालाही उठविले जाते. कामगारास विसरणारा मालक चित्रकारास लक्षात ठेवील, या भ्रमात कलावंतांनी राहू नये.

देवस्थानांशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांस ही व्यवस्था अगदीच नवी नाही. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील अग्रशाळांत उतरणारा भक्त हा देवाचा पाहुणा असतो आणि गाव त्याचा यजमान. गोव्याच्या देवळांच्या आश्रयाने गाणे वाढले, खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयीचा अधिकारी पुरुष निपजला. पण त्याच आश्रयाने कलावंत घराण्यांतील स्त्रियांस जन्माच्या सेवेत जखडून ठेवले व त्यांचा मान हिरावून घेतला, हेही तितकेच खरे. ती चाल परत यावी, असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. यजमान हवा, धनी नको, एवढाच त्यातला बोध आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जुन्या कारखान्यात कलावंत-निवास काढावयाचा, तर तेथे राबलेल्या कामगारांची नावे भिंतीवर कोरावीत आणि त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात. वास्तू किती वर्षे कलेसाठी राहील, याचा लेखी करार जाहीर करावा. वाटा दोघांना मिळावा: बाहेरगावच्या चित्रकारासह धूळपेठच्या मूर्तिकारास आणि जामबागेत हार गुंफणाऱ्यासही तेथे हक्काचे दालन असावे, कारण आपल्या देवाच्या अंगावरची रोजची कला त्यांच्या हातची आहे. आणि हे सारे सरकारकडे मागण्यापूर्वी आपल्या देवस्थानांनी वर्षातील बहुतेक दिवस कुलपात असलेल्या आपल्या खोल्या उघडून दाखवाव्यात. स्वतःच्या ओसरीवर जो कोणास बसू देत नाही, त्याने दुसऱ्यास यजमानधर्म शिकवू नये.