विश्लेषण : पाकिटे पोहोचली, वजन का वाढत नाही? मुलांचा आहार आणि आतड्यांचे आरोग्य मोजण्याचा पेच

घरपोच आहाराचे पाकीट योग्य लाभार्थ्याच्या हाती पडले की नाही, हे तपासण्यासाठी जुलै २०२५ पासून ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये चेहरा ओळखण्याची प्रणाली सक्तीची झाली. त्यामुळे पाकीट कोणी नेले, हे आता कळते. पण त्यातले मुलाने किती खाल्ले आणि खाल्लेले त्याच्या अंगी लागले का, हे या नोंदीतून कळत नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातले केशोरी हे धान आणि मिरचीच्या शेतीचे, जंगलालगतचे गाव. अशा गावात हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. अंगणवाडीतल्या एखाद्या मुलाला आहार मिळतो, नोंद पूर्ण असते, तरी वजनाचा काटा हलत नाही. मग दोष आईच्या माथी येतो. गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र वेगळे उत्तर सुचवते.

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के मुले कमी वजनाची होती. उंचीच्या मानाने कृश असलेल्या मुलांचे प्रमाण २५.६ टक्के होते. देशाची सरासरी १९.३ टक्के होती. आधीच्या फेरीतही (२०१५-१६) राज्याचा कृशतेचा आकडा २५.६ टक्केच होता. म्हणजे मधल्या काळात योजना वाढल्या, पण हा आकडा जागचा हलला नाही. याच सर्वेक्षणात ६ ते २३ महिने वयोगटातील जेमतेम ११ टक्के मुलांना देशात पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले. हा ‘पुरेसा आहार’ ठरवतात कसा, इथूनच खरा पेच सुरू होतो.

मुलाने काय खाल्ले, हे मोजतात कसे?

तीन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिली, २४ तासांची आठवण. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत मुलाने काय आणि किती खाल्ले, हे आईला विचारले जाते. प्रमाण कळावे म्हणून ठरावीक मापाच्या वाट्या आणि चमचे दाखवतात. दुसरी पद्धत वारंवारितेची. आठवड्यात किती वेळा अंडे, डाळ, पालेभाजी, दूध दिले, हे विचारतात. तिसरी पद्धत प्रत्यक्ष वजनाची. ताटात वाढलेले आणि ताटात उरलेले अन्न मोजून फरक काढतात. ही सर्वांत नेमकी, पण खर्चिक आहे. शिवाय मोजणारा माणूस घरात बसला की घरातले वाढणेच बदलते.

उत्तरांवरून पोषक घटक काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते वापरतात. २०१७च्या तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष त्याहून सोपा आहे. आईचे दूध, धान्य व कंदमुळे, डाळी व शेंगदाण्यासारखे दाणे, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व असलेली फळे-भाज्या आणि इतर फळे-भाज्या अशा आठ गटांपैकी किमान पाच गट आदल्या दिवशी पोटात गेले, तर आहारात विविधता आहे असे मानतात.

या मोजणीत चूक कुठे होते?

सर्वांत मोठी चूक पातळ आणि घट्ट यांतल्या फरकात होते. धानाच्या पट्ट्यात लहान मुलाला पेज देतात. ३० ग्रॅम तांदळात सुमारे १०५ किलोकॅलरी असतात. त्याची अर्धा लिटर पेज केली, तर १५० मिलिलिटरच्या वाटीत जेमतेम ३० किलोकॅलरी येतात. त्याच वाटीत घट्ट मऊ भात आणि चमचाभर तेल असेल, तर आकडा दीडशेच्या आसपास जातो. नोंदीत मात्र दोन्हीकडे ‘एक वाटी भात’ असेच लिहिले जाते.

नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज साधारण ३०० किलोकॅलरी लागतात. पेजेतून ती गरज भागवायची, तर दहा वाट्या पाजाव्या लागतील. मुलाचे पोट किलोमागे ३० मिलिलिटर एवढेच मावून घेते. आठ किलोच्या मुलाला एका वेळी पाव लिटरही जात नाही. मूल पोटभर जेवते, तरी उपाशी राहते, ते असे.

दुसरी चूक ताटाची. मूल आजीच्या, भावंडांच्या ताटात जेवते. घरपोच आहाराचे पाकीटही अनेकदा घरातली सगळी मुले वाटून खातात. अशा वेळी ‘त्याने किती खाल्ले’ या प्रश्नाला आईचे उत्तर अंदाजाचेच असते. त्यात सेविकेला चांगले वाटावे म्हणून थोडी भरही पडते.

तिसरी चूक ऋतूची. पूर्व विदर्भात पावसाळ्यात जंगलातल्या रानभाज्या, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, अळिंबी असे पदार्थ मिळतात. मामा तलावांतून मासे आणि झिंगे येतात. प्रश्नावली पालक आणि सफरचंदापाशी थांबली, तर हे अन्न नोंदीतून गळते. उलट रोवणीच्या दिवसांत आई पहाटेपासून बांधीत असते. दोन वेळच्या भरवण्यात मोठे अंतर पडते आणि अतिसाराचेही तेच दिवस असतात. हिवाळ्याच्या अखेरीस पूर्व विदर्भातली अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात, तेव्हा मूल अंगणवाडीच्या नजरेआड होते. एकाच दिवशी विचारलेल्या ‘काल काय खाल्ले’ यातून वर्षाचे चित्र उभे राहत नाही. म्हणूनच संशोधक वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा विचारण्यावर भर देतात.

उष्मांक मोजले म्हणजे झाले का?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील सहा गावांनी दिले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने तिथे १९९० च्या दशकात ‘पुणे माता पोषण अभ्यास’ सुरू झाला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी गर्भवतींचा आहार २४ तासांची आठवण आणि वारंवारिता अशा दोन्ही पद्धतींनी मोजला. सुमारे ८०० महिलांवरचे हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. आईने किती उष्मांक आणि प्रथिने घेतली, याचा बाळाच्या जन्माच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खाते, याचा मात्र संबंध दिसला.

केवळ उष्मांकांचा हिशेब ठेवला असता, तर आहाराचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध नाही, असाच निष्कर्ष निघाला असता. काय मोजायचे, हे ठरवण्यातच अर्धे उत्तर असते.

मग आतड्यांचा संबंध काय?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नातील पोषक घटक तिथून रक्तात जातात. दूषित पाणी, उघड्यावरची विष्ठा, अंगणातली कोंबड्या-शेळ्यांची घाण यांतून मुलाच्या पोटात सतत जंतू जात राहिले, तर हे उंचवटे चपटे होतात. आतड्याला कायमची बारीक सूज राहते. जुलाब होतीलच असे नाही. मूल वरून ठणठणीत दिसते, पण अन्न नीट शोषले जात नाही. शिवाय खाल्लेल्यातला काही भाग सुजेशी लढण्यात खर्च होतो.

दुसरी बाब आतड्यातल्या जिवाणूंची. जन्मानंतर पहिली दोन-तीन वर्षे मुलाच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती टप्प्याटप्प्याने प्रौढ होत जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्यातील अतिसार संशोधन केंद्राचे तहमीद अहमद यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की तीव्र कुपोषित मुलांत ही वस्ती वयाच्या मानाने ‘लहान’ राहते. उपचाराचा आहार दिल्यावर ती थोडी सुधारते, पण उपचार थांबल्यावर पुन्हा मागे पडते. उपचार केंद्रातून वजन वाढवून घरी गेलेले मूल काही महिन्यांत पुन्हा यादीत का येते, याचा एक धागा इथे सापडतो.

ढाक्यातील प्रयोगात काय दिसले?

याच गटाने पुढे जिवाणूंची वस्ती सुधारणारा आहार तयार केला. त्यात हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्चे केळे होते. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील १२ ते १८ महिने वयाच्या, मध्यम कुपोषित १२३ मुलांवर त्याची चाचणी झाली. एका गटाला हा आहार, तर दुसऱ्याला तांदूळ, मसूर आणि दूध भुकटीचा नेहमीचा पूरक आहार तीन महिने देण्यात आला. नव्या आहारात उष्मांक कमी होते, तरीही त्या गटाचे उंचीच्या मानाने वजन अधिक वेगाने सुधारले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

चाचणी लहान होती आणि एकाच शहरातील होती. हा आहार तीव्र कुपोषणावरचा घरगुती इलाज नाही. पण समान उष्मांक म्हणजे समान वाढ, या गृहीतकाला तिने धक्का दिला.

स्वच्छता सुधारली की प्रश्न सुटेल?

तेवढे सोपे नाही. बांगलादेश आणि केनियात (२०१८), तसेच झिम्बाब्वेत (२०१९) झालेल्या मोठ्या चाचण्यांत घरोघरी शौचालय, हात धुण्याची सोय, पाणी शुद्धीकरण अशा उपायांनी मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे थोडा फरक पडला. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी, असा नाही. बांगलादेशात अतिसार कमी झाला. पण घरापुरती सुधारणा अपुरी पडते. अंगण, गल्ली आणि पाण्याचा स्रोत दूषितच राहिला, तर मुलाच्या आतड्यावरचा भार हटत नाही, असा अर्थ संशोधक लावतात.

भारतात यावर काय काम झाले?

पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील २० मुलांच्या आतड्यांतील जिवाणूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुण्यातील टीसीएसच्या संशोधकांचा सहभाग होता. पोषणाची स्थिती बदलते तसे जिवाणूंचे प्रमाणही बदलते, असे त्यात दिसले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंवर काम झाले आहे. पण एवढ्यावरून धान पिकवणाऱ्या, मासे आणि रानभाज्या खाणाऱ्या पूर्व विदर्भातील मुलांसाठी आहार ठरवता येत नाही. ढाक्याचे सूत्र जसेच्या तसे इथे लागू पडेल, असे गृहीत धरणेही चूक ठरेल.

केशोरीसारख्या गावांसाठी याचा अर्थ काय?

पहिला अर्थ मोजणीचा. सध्याच्या निकषानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला पूरक आहारातून रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी मिळायला हव्यात. पण हा दिलेल्या आहाराचा हिशेब आहे. ज्यांचे वजन सलग दोन महिने वाढले नाही, अशा मोजक्या मुलांपुरते तरी आठ गटांचे साधे प्रश्न, जेवणाचा घट्टपणा आणि गेल्या पंधरवड्यातील जुलाब-ताप एवढे विचारून नोंदवले, तर कारण शोधता येईल. त्यासाठी प्रश्नावलीत वास्ते, झिंगे, अळिंबी ही नावे हवीत. आणि सेविकेच्या हातात आधीच असलेल्या नोंदींपैकी काही कमी करायला हव्यात. आणखी एक रकाना वाढवल्याने माहिती वाढते, वेळ वाढत नाही.

दुसरा अर्थ उपचाराचा. तीव्र कुपोषित मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले जाते. तिथून सुटल्यावरचे महिने जास्त नाजूक असतात. ढाक्याचा अनुभव नेमका हेच सांगतो. पाठपुरावा रोवणीच्या हंगामात किंवा कुटुंब मिरची तोडणीला गेल्यावर तुटला, तर आधीची मेहनत वाया जाते.

तिसरा अर्थ ताटाचा. आदिवासी क्षेत्रातील अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. विविधतेच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. अंड्याचा दर आणि पुरवठ्याचा निधी वेळेवर आला, तरच ती ताटापर्यंत पोहोचते.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

सहा महिन्यांनंतर पेजेऐवजी चमच्यावरून न ओघळणारा घट्ट मऊ भात, त्यात डाळ आणि चमचाभर तेल द्यावे. मुलाचे ताट वेगळे ठेवावे, म्हणजे त्याने किती खाल्ले ते दिसते. जुलाब झाले तरी स्तनपान आणि खाणे थांबवू नये. ओआरएस द्यावे आणि आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकच्या गोळ्या पूर्ण कराव्यात. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, दोन्ही पायांवर सूज दिसली किंवा मुलाने खाणेच सोडले, तर पुढच्या वजनाच्या दिवसाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.

वजन वाढले नाही, याचा अर्थ आईने भरवले नाही, असा होत नाही. अन्न पातळ असू शकते, त्यात विविधता नसू शकते किंवा आतडेच ते घेत नसेल. कारण यातले कोणते, हे विचारल्याशिवाय फक्त पाकिटांची संख्या वाढवली, तर नोंदी शंभर टक्के भरतील आणि कृशतेचा आकडा आहे तिथेच राहील.