सायलेन्सरमधली उष्णता आणि घाईचा निकाल

गेल्या अंकातील ‘वाचकांचा पत्रव्यवहार’मध्ये एका वाचकाने वाहनाच्या धुरापासून वीज मिळवणे ही निव्वळ धूळफेक असल्याचे लिहिले आहे. हा निकाल घाईचा आहे.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णता बनून सायलेन्सरवाटे निघून जातो. बिस्मथ टेल्युराइडच्या चकत्यांची एक बाजू त्या तापलेल्या नळीला आणि दुसरी कूलंटने थंड ठेवलेल्या पत्र्याला टेकवली, की वीज वाहू लागते. भौतिकशास्त्रज्ञ सीबेकने १८२१ मध्ये नोंदवलेला हाच परिणाम. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांनाही त्यानेच वीज पुरवली. तिथे उष्णता प्लुटोनियमची, इतकेच.

पत्रलेखकाचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. चकत्यांच्या हाती जेमतेम पाचेक टक्के लागतात, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत नळी पुरती तापतही नाही. शिवाय वजन वाढते. धुराची वाट अडली तर इंजिनालाच जादा जोर लावावा लागतो.

पण चकती हा एकमेव मार्ग नव्हे! २०१४ ते २०२५ या काळात फॉर्म्युला वनच्या गाड्यांत धुराने फिरणाऱ्या टर्बोच्या दांड्यालाच जनित्र जोडलेले असे, मिनिटाला सव्वा लाखापर्यंत फेरे घेणारे. खर्च आणि गुंतागुंत यांमुळे २०२६च्या नियमांत ते वगळले गेले.

‘एम्मा मर्स्क’सारख्या अजस्र मालवाहू जहाजावर तर इंजिनाच्या धुराने बॉयलरमध्ये वाफ करून टर्बाइन फिरवतात. इंजिन दिवसचे दिवस संथ, एका लयीत चालते, जागेची वा वजनाची चणचण नसते आणि तयार झालेली वीज जहाजावरच वापरली जाते.