संकेतस्थळ आणि मालकीचा कागद

आपला माल दलालावांचून थेट गिऱ्हाइकास विकावा, या हेतूनें हल्लीं पुष्कळ बागाईतदार स्वतःचें संकेतस्थळ, म्हणजे वेबसाईट, करवून घेतात. हा उद्योग स्तुत्य आहे. त्यासाठीं मोठ्या कंपनीकडे न जातां स्वतंत्रपणें काम करणारा वेब डिझायनर गांठावा, असेंच माझें मत आहे. खर्च बहुधा कमी येतो, आणि आपलें म्हणणें काम करणाराच्याच कानावर पडतें. मात्र हें काम बांधावर उभें राहून तोंडी ठरविण्याचें नव्हे.

महसूल खात्याच्या कारकुनींत माझें आयुष्य गेलें. भाऊ भाऊ तोंडी वाटणीवर वर्षानुवर्षें सुखानें जमीन कसतात, आणि एक वारला कीं सात-बारा पाहावयास कचेरीकडे धांवतात, हें मीं किती वेळां पाहिलें! गेल्या हंगामांत तोच प्रकार संकेतस्थळाचे बाबतींत पाहिला. माझ्या परिचयाच्या एका आंबा बागाईतदारास एका होतकरू तरुणानें उत्तम संकेतस्थळ करून दिलें. पुढें तो तरुण परगांवीं नोकरीस गेला. ऐन चैत्रांत पेट्या भरून तयार, आणि संकेतस्थळ उघडेना! डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नांवाची, मुदत संपली होती, आणि तशा सूचना त्या तरुणाच्या जुन्या ईमेलवर जात होत्या. तरुण लबाड नव्हता. परंतु नोंद त्याचे नांवें होती. भोगवटादार एक आणि कसणारा दुसरा, अशी ही गत.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, डोमेन आपल्याच नांवें व आपल्याच ईमेलवर नोंदवावें. तें कायमचें विकत मिळत नाहीं. एका वेळीं फार तर 10 वर्षांसाठीं मिळतें व पुढें नूतनीकरण करावें लागतें. तें न केल्यास कालांतरानें दुसरा कोणीही तें नांव घेऊं शकतो. 2014 पासून देवनागरींत '.भारत' असेंही नांव घेतां येतें.

दुसरी गोष्ट कायद्याची. पगारी नोकरानें नोकरीच्या कामांत केलेली कृति सामान्यतः मालकाची ठरते. परंतु स्वतंत्र कारागिराचें तसें नाहीं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, त्यानें रचलेला मजकूर व आज्ञावली यांचा हक्क, करार नसल्यास, सामान्यतः त्याचाच राहतो. केवळ पैसे दिल्यानें तो आपणांकडे येत नाहीं. त्यास सहीचा लेख लागतो. त्या लेखांत मुदत न लिहिल्यास हक्क 5 वर्षांपुरताच मिळाला असें कायदा मानतो.

तिसरी गोष्ट, पैसे हप्त्यानें द्यावे, आणि सर्व पासवर्ड व फाईली हातीं येऊन त्या आपण स्वतः उघडून पाहिल्यावरच शेवटचा हप्ता चुकता करावा.

कागद मागितल्यास माणूस दुखावेल, असें कित्येकांस वाटतें. माझा अनुभव उलट आहे. कागद दोघांचेंही रक्षण करतो. काम काय, किती दिवसांत, किती वेळां फेरबदल, हें लिहिलेलें असलें म्हणजे त्या कारागिरासही फुकटचे हेलपाटे पडत नाहींत. आपणही छायाचित्रें व दरपत्रक वेळेवर द्यावें. काम लांबतें तें पुष्कळदां आपल्याच आळसानें.

बंधूंनो, गुंठाभर जमिनीच्या फेरफारासाठीं आपण तलाठ्याकडे दहा खेटे घालतों. ज्या नांवावर वर्षाचा माल विकावयाचा, त्या नांवाची नोंद कोणाची आहे, हें आज संध्याकाळीं एकदां पाहून घ्या.