घराचीसुद्धा बेगमी हवी!



एप्रिल-मे महिना आला, की लालबागच्या मसाला गल्लीतून शिंका न देता जाणं अशक्य! नाकात मिरचीचा खकाणा, डोळ्यांत पाणी आणि कानात मसाला कुटणाऱ्या डंकांची धडधड. चिंचपोकळी, करी रोड, काळाचौकी इथल्या कितीतरी आया-आज्या मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन तिथं नंबर लावून उभ्या असतात. घरी पापड-कुरडया वाळत असतात, सुके बोंबील डब्यात जात असतात. पावसाचे चार महिने अडायला नको, म्हणून ही बेगमी. कोकणात हिलाच 'आगोट' म्हणतात.

घरातल्या माणसांसाठी एवढी तयारी! पण ज्या घरात आपण तो पाऊस काढणार, त्या घराची बेगमी कोण करतं? आज आपण त्याच विषयावर गप्पा मारू. या गप्पा आई-बाबांनाही वाचायला द्या, कारण काही कामं त्यांच्या वाट्याची आहेत.

पाऊस बदललाय का?

"आमच्या वेळचा पाऊस असा नव्हता," असं आजोबा म्हणतात तेव्हा आपण हसतो. पण या बाबतीत आजोबांचं बरोबर आहे बरं का! मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच हजर झाला. इतक्या लवकर येण्याची नोंद यापूर्वी नव्हती. म्हणजे ज्यांनी 'जून लागला की छपराचं बघू' असं ठरवलं होतं, त्यांची फजितीच झाली.

त्याआधीचीही उदाहरणं पाहा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास! एकाच शहरात एवढा फरक. ५ ऑगस्ट २०२० रोजी मात्र दक्षिण मुंबईची पाळी आली. कुलाब्याला २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस आणि ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि मुंबईत पुन्हा तसाच वारा सुटला.

असं का होतं? हवा तापली, की ती जास्त बाष्प धरून ठेवते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं, तर हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्रही तापतो आहे. मग कोसळायची वेळ आली, की एवढं सगळं पाणी थोड्या तासांत कोसळतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या.

पाणी आपल्याकडेच का तुंबतं?

मुंबई ही मुळात सात बेटं. मधल्या खाड्या आणि दलदली भरून ती एक झाली. त्यामुळे बेटांच्या मधली जागा बशीसारखी सखल राहिली. गिरणगावातला हिंदमाता, परळचा भाग हा असाच. त्यातून जुनी गटारं बांधली ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' नावाची योजना तयार झाली आणि क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायचं ठरलं. २००५ च्या महापुरानंतर कामाला वेग आला. रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र झालं. अलीकडे तर हिंदमाताचं पाणी साठवायला मैदानांच्या पोटात मोठाल्या टाक्या बांधल्या आहेत. पण तासाला ५० हून जास्त पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असली, तर पाणी जाणार कुठं?

डोकं चालवा!

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होतं. समजा, तुमच्या चाळीचं छप्पर ४० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. ५ ऑगस्ट २०२० चा कुलाब्याचा पाऊस त्याच्यावर पडला तर किती लिटर? (उत्तर शेवटी. आधी बघायचं नाही!)

घराचं दुखणं ओळखा

आपल्या भागातल्या कितीतरी चाळी शंभरीच्या घरात आल्या आहेत. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खासगी मालकांच्या जुन्या चाळींत सागवानी खांब आणि तुळया असतात. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं, तिथं ओल पोचली की लाकूड आतून कुजतं. वरून रंग छान, आत भुसा! सिमेंटच्या इमारतीत पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजताना फुगते आणि बाहेरचं सिमेंट फोडते. म्हणून पोपडे पडतात.

माणूस आजारी पडला की त्याला ताप येतो. इमारतीलाही येतो, फक्त तो ओळखता यायला हवा. नवी तडा, रोज रुंद होणारी भेग, काल नीट लागणारं आणि आज अडकणारं दार, कलता जिना, दाबलं तर बोट रुतणारं लाकूड, रात्री करकर आवाज. यातलं काहीही दिसलं, तर घरातल्या मोठ्या माणसांना लगेच सांगा. 'आपण लहान, आपलं कोण ऐकणार' असं म्हणू नका.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारतींची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते. दरवर्षी पावसाळ्याआधी हे मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं.

अशा इमारतीतली माणसं घर का सोडत नाहीत? वेडी असतात म्हणून? मुळीच नाही. संक्रमण शिबिरात गेलो आणि परत आलोच नाही तर? मुलांची शाळा, कामाची जागा, शेजार, सगळं सुटेल. ही भीती खोटी नाही. पण ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, मोठ्या पावसानंतर दोनच दिवसांनी, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती. म्हणून खोलीचा हक्क कागदावर भांडून मिळवायचा, नोटिसा, भाडेपावत्या, पत्रं जपून ठेवायची. पण 'आज रात्री बाहेर पडा' असं सांगितलं, की बाहेर पडायचं. हक्कासाठी उद्या भांडता येतं, त्यासाठी उद्या आपण असायला हवं.

विमा म्हणजे काय रे भाऊ?

आता बेगमीचा दुसरा भाग. तुमची आई किंवा काकू भिशी लावत असेल. बाराजणी दर महिन्याला पैसे काढतात आणि पाळीपाळीनं प्रत्येकीला सगळी रक्कम मिळते. विमा हा भिशीचा चुलतभाऊ. फरक एवढाच, की भिशीत आपला नंबर कधी लागतो याची आपण वाट बघतो. विम्यात आपला नंबर कधीच लागू नये, अशी प्रार्थना करतो!

समजा, १०० बिऱ्हाडं आहेत. वर्षाला त्यातल्या एखाद्याचं ५० हजार रुपयांचं नुकसान होतं. प्रत्येकानं ५०० रुपये काढले, की ५० हजार जमले. ज्याचं नुकसान झालं, तो सावरला. बाकीच्यांचे ५०० गेले, पण घर तर शाबूत राहिलं. या वर्गणीलाच 'हप्ता' म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. १६६६ साली लंडन शहर आगीत जळालं. त्यानंतर काही वर्षांतच तिथं घरांचा विमा उतरवणारी कचेरी निघाली. विमा असलेल्या घरावर धातूचा बिल्ला ठोकत, म्हणजे कंपनीच्या आग विझवणाऱ्यांना घर ओळखू येई. आपल्या मुंबईतली न्यू इंडिया ॲश्युरन्स ही कंपनी १९१९ साली सर दोराबजी टाटांनी काढली.

पण मघाच्या उदाहरणात एक गोम आहे. चक्रीवादळ आलं आणि एकदम ४० बिऱ्हाडांचं नुकसान झालं तर? लागणार २० लाख आणि जमलेत ५० हजार! म्हणून विमा कंपनी एकट्या चिंचपोकळीच्या भरवशावर राहत नाही. तिच्याकडे नागपूरचीही घरं असतात आणि गुवाहाटीचीही. सगळीकडे एकदम वादळ येत नाही ना! शिवाय कंपनी स्वतःचाही विमा उतरवते. त्याला 'पुनर्विमा' म्हणतात. ते काम करणाऱ्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनचं मुख्यालय आपल्या चर्चगेटलाच आहे. पण आपत्तीच वारंवार येऊ लागल्या, तर ही युक्तीही अपुरी पडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वणव्यांमुळे एका मोठ्या कंपनीनं २०२३ मध्ये घरांचे नवे विमे घेणंच थांबवलं. म्हणून घर मजबूत करणं पहिलं, विमा दुसरा. छत्री विकत घ्या, पण आधी तिची भोकं बघा!

आई-बाबांसाठी चौकट

• १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेली पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी वा नळ फुटणं, अशा कारणांनी झालेलं नुकसान तिच्यात येतं.

• घर भाड्याचं किंवा पागडीचं असलं, तरी आतल्या सामानाचा विमा वेगळा काढता येतो. इमारतीचा विमा हे मालकाचं किंवा सोसायटीचं काम. सोसायटीच्या सभेत हा प्रश्न जरूर विचारा.

• विमा बांधकामाच्या खर्चावर असतो, जागेच्या बाजारभावावर नाही. पुरात भिंत जाते, जमीन जात नाही. समजा, चटई क्षेत्र २० चौरस मीटर आणि बांधणीचा खर्च मीटरला २५ हजार, तर विमा ५ लाखांचा. त्यामुळे हप्ता वाटतो तेवढा मोठा नसतो.

• वर्षानुवर्षांची ओल, वाळवी, निव्वळ जुनेपणाची झीज यांचे पैसे विमा देत नाही. ती दुरुस्तीच करायला हवी.

• अर्जात खरं तेच लिहा. इमारत जुनी असेल तर जुनी सांगा. लपवलेली गोष्ट नेमकी नुकसानीच्या वेळी आडवी येते.

• नुकसान झालं, तर कंपनीला ताबडतोब कळवा. भिजलेलं सामान फेकण्याआधी फोटो काढा. दावा नाकारला आणि कंपनीकडे तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला फी लागत नाही.

आणि तुमच्यासाठी मुलांनो, सात कामं!

१. घरातल्या वस्तूंची वही करा. वस्तू, कधी घेतली, किंमत, पावती आहे की नाही. शिवाय मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचा फोटो. नुकसानभरपाई मागताना ही वही सोन्याच्या मोलाची ठरते.

२. रेशनकार्ड, भाडेपावत्या, गुणपत्रिका, जन्मदाखले जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच ठेवा. ही पिशवी अंधारातही हाताला लागली पाहिजे.

३. गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा. वाऱ्यात कुंडी म्हणजे तोफगोळा!

४. गच्चीतली, पन्हाळीतली पानं-प्लास्टिक काढायला मोठ्यांना मदत करा. मोठ्या माणसाशिवाय छपरावर चढायचं नाही.

५. पत्र्याचे हूक, सैल कौलं मिस्त्रीला दाखवून घ्यायची आठवण बाबांना करा. गावाकडच्या घराचंही विचारा. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची कौलं-पत्रे उडाले होते.

६. विजेचा मेन स्विच कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक असू द्या. पाणी घरात शिरायला लागलं, की मोठ्यांनी तो आधी बंद करायचा. पाण्यात उभं राहून मात्र हात लावायचा नाही.

७. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आणि अग्निशमन दलाचा १०१ मोठ्या अक्षरांत दारामागे लावा.

आणि हो, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी असतील, तर भर पावसात पाणी चढायला लागल्यावर त्यांना वर कोण आणणार, हे आजच ठरवून ठेवा. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासून वर्गणीवर उभा राहतो आहे. एकेकट्यानं जमलं नसतं ते सगळ्यांनी मिळून जमवायचं, हे आपल्या वाड्या-चाळींना नव्यानं शिकवायला नको. विमा हीसुद्धा तीच गोष्ट आहे आणि शेजारधर्मही तोच.

'डोकं चालवा'चं उत्तर : ४० × १५ = ६०० चौरस मीटर. ६०० × ३३१.८ = १,९९,०८० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ २० टँकर, एका छपरावर, एका दिवसात! आता सांगा, पन्हाळीतला कचरा काढायला हवा की नको?

वही पूर्ण झाली, की शेवटच्या पानावर आई-बाबांची सही घ्या. आणि ती वही पिशवीत, हं! टेबलावर नको.