डायनासोरच्या कातडीखाली यंत्र असते

हिंगोलीच्या दसरा महोत्सवाची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, पाळणे लागतात आणि जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतून माणसे येतात. या गर्दीवर आपल्यापैकी अनेकांची जुनी देणी फिटतात. म्हणून अशा मैदानावर नवे काय येऊ घातले आहे, याकडे व्यापारी आणि कारागीर बांधवांनी लक्ष ठेवले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत शहरांतील प्रदर्शनांत आणि बागांत मान हलविणारे, जबडा उघडणारे, गुरगुरणारे डायनासोर दिसू लागले आहेत. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका उद्यान सुरू झाले. तेथे 'राजासौरस' या भारतीय डायनासोरच्या नावाने पाण्यातली सफरच उभारण्यात आली. अशा मोठ्या उद्यानांकडे स्वतःचे इंजिनिअर असतात. खरा प्रश्न आहे तो ट्रकमधून येणाऱ्या, दोन दिवसांत उभ्या होणाऱ्या आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या गावी जाणाऱ्या डायनासोरचा.

आकाशपाळण्यासाठी पोलीस, नगरपरिषद, विद्युत निरीक्षक अशी दारे ठोठवावी लागतात, कारण त्यात माणूस बसतो. डायनासोरमध्ये कोणी बसत नाही. तो नुसता पाहायचा! म्हणून त्याला सजावटीत धरले जाते आणि तपासणीच्या वेळी कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, तो सजावट नसून चालते यंत्र आहे आणि त्याला यंत्राचेच नियम लावले पाहिजेत.

त्याच्या पोटात काय असते ते पाहा. आत लोखंडी सांगाडा, सांध्यांवर मोटारी. लहान आकारात गाडीच्या वायपरची मोटार चालते, मोठ्यात हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर. त्यावर स्पंज आणि सर्वांत वर रबर किंवा सिलिकॉनची कातडी. चीनमधील झिगाँग शहर याच कामासाठी प्रसिद्ध असून जगात जाणाऱ्या अशा मालाचा मोठा हिस्सा तेथे तयार होतो. पण यातले वेल्डिंग, वायरिंग, शिलाई आणि रंगकाम ही चारही कामे आपल्या कारागिरांच्या हातची आहेत. आज ना उद्या हे काम आपल्याकडे येणारच. तेव्हा जबाबदारीही येणार.

कायदाही याला जनावर मानत नाही. इथे एक गमतीचा योगायोग आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम 289 जनावराबाबतच्या निष्काळजीपणाचे होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच क्रमांक यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाला मिळाला आहे. आणि निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेलाच, तर कलम 106 आहे, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा "आम्ही तर फक्त देखावा लावला होता" असे म्हणून कोणाची सुटका होणार नाही.

मालेगाव-भिवंडीच्या मागावर ज्यांनी काम केले, त्यांना फिरते चाक आणि पट्टा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने कलम 21 मध्ये फिरत्या भागांना पक्के कुंपण बंधनकारक केले होते. कलम 22 प्रमाणे चालत्या यंत्राजवळ फक्त शिकवून तयार केलेला प्रौढ कामगार, तोही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, जाऊ शकत होता. आता मेळ्यातला ग्राहक आठवा. ओढणी, पदर, बुरखा, सैल कुर्ता, कडेवर मूल, हातात फुगा. त्याला कोणी काही शिकविलेले नाही, आणि आम्ही कापडवाले त्याला "घट्ट कपडे घालून या" असेही सांगू शकत नाही. कारखान्यात जे काम शिक्षण आणि पोशाख करतात, ते काम मैदानावर अंतरालाच करावे लागेल.

हलत्या पुतळ्यांच्या खेळात माणसे दगावल्याचा दाखला जुना आहे. अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये 1974 च्या जून महिन्यात गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांचे फिरते नाट्यगृह सुरू झाले. जेमतेम नऊ दिवसांनी तेथील एक अठरा वर्षांची कर्मचारी मुलगी फिरती भिंत आणि स्थिर भिंत यांच्या फटीत चिरडून मरण पावली. धोक्याचे दिवे आणि दाब पडताच निखळणाऱ्या भिंती त्यानंतर बसविल्या गेल्या. पुतळ्याने तिला चावले नव्हते. जीव गेला तो फटीत. डायनासोरच्या जबड्यात, मानेच्या सांध्यात, शेपटी आणि कुंपण यांच्या मध्ये अशीच फट उघडते आणि मिटते.

दुसरा धोका पाण्याचा. 1993 च्या 'जुरासिक पार्क' चित्रपटासाठी सुमारे चार टन वजनाचा यांत्रिक डायनासोर बनविला होता. पावसाच्या दृश्यात त्याच्या स्पंजने पाणी पिऊन वजन वाढविले आणि तो आपोआप थरथरू लागला. हॉलिवूडच्या उस्तादांना तो टॉवेलने पुसून वाळवावा लागत असे. दसऱ्याला परतीचा पाऊस आपल्याकडे काही नवीन नाही. भिजलेला स्पंज, वाढलेले वजन आणि ओली वायर एकत्र आले तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तिसरा धोका आगीचा. 2018 च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील एका उद्यानात मोठा यांत्रिक डायनासोर विजेच्या बिघाडाने जळून गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण आपल्याकडे असे सुदैव नेहमी आडवे येत नाही. हरियाणातील डबवाली येथे 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमात सिंथेटिक कापडाच्या मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. सिंथेटिक कापड जळताना वितळते आणि अंगाला चिकटते, हे कापडवाल्यांना ठाऊक आहे. स्पंजचा प्राणी सिंथेटिक मंडपाखाली उभा करणे म्हणजे बारूदाजवळ चूल मांडणे.

मग करावे काय? डायनासोर पूर्ण ताकदीने चालवून त्याची मान व शेपटी कुठवर पोहोचते, तिथे चुन्याची रेघ मारावी. त्या रेघेपासून निदान चार-पाच फूट सोडून कुंपण घालावे. ते दोरीचे नको, गजाचे हवे, आणि दोन गजांत मुलाचे डोके शिरता कामा नये. जवळ कोणी येताच अचानक सुरू होणारा सेन्सर गर्दीच्या ठिकाणी बंदच ठेवावा, कारण दचकलेला माणूस मागे सरतो आणि मागच्याचे मूल पायाखाली येते. त्याऐवजी आधी भोंगा वाजवून ठराविक वेळेला खेळ चालवावा. लाल रंगाचे बंद करण्याचे बटण राखणदाराच्या हाताशी हवे आणि राखणदाराने जागा सोडू नये. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच याशिवाय जोडणी देऊच नये. पाऊस आला की खेळ बंद. दुरुस्ती किंवा वेल्डिंग गर्दी असताना नाही, मेन स्विच काढून, रात्री. आणि पाठीवर बसवून फोटो काढण्याचा धंदा करायचा असेल, तर तो डायनासोर न हलणाराच असावा.

यावर "खर्च परवडत नाही" असे उत्तर येईल. गजाचे कुंपण आणि एका माणसाची रोजी, एवढाच हा खर्च आहे. अपघात झाला तर एक खेळ बंद पडून भागत नाही. अख्खे प्रदर्शन थांबते आणि बांगडीवाला, खेळणीवाला, कपडेवाला, चहावाला सगळ्यांचा माल पडून राहतो. म्हणून हा प्रश्न खेळवाल्याचा एकट्याचा नाही.

स्टॉलचे पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: हलत्या देखाव्याची तपासणी कोणी केली, कुंपण कुठे आहे आणि बटण कोणाच्या हातात आहे. आणि कारागीर बांधवांनो, काम तोंडी घेऊ नका. किती मोटारी, किती वजन, किती अंतर, काय बदलू नये, हे कागदावर लिहून सही घ्या आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. ज्याच्या मालाबरोबर असा कागद जातो, त्याच्याकडे दुसरे गिऱ्हाईक विश्वासाने येते.

मुलांनी डायनासोर पाहून जरूर भ्यावे. ती भीती तिकिटाच्या पैशातली आहे. आई-बापांना मात्र भिण्याची वेळ येऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.