पैशाआधी काय होते?

आठवीच्या वर्गात परवा एका मुलाने विचारले, "सर, रेक्सम जिंकले ते सिनेमावाल्यांच्या पैशामुळेच ना?" मुले मोबाईलवर त्या फुटबॉल क्लबची मालिका पाहतात. प्रश्न सरळ होता, पण उत्तर द्यायला आम्हाला अर्धा तास लागला.

रेक्सम हे वेल्समधले, एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगणारे गाव. क्लब 1864 सालचा. 2008 मध्ये तो वरच्या चार विभागांतून पाचव्यात घसरला आणि 15 वर्षे तिथेच अडकला. 2011 मध्ये तर हंगाम सुरू करण्यासाठी अनामत भरायलाही पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी एका दिवसात 1 लाख पौंडांहून अधिक चंदा गोळा केला. त्याच वर्षी क्लब चाहत्यांच्या ट्रस्टकडे आला.

रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी हे अभिनेते आले ते त्यानंतर. ट्रस्टच्या सभासदांनी मतदान केले, 98 टक्क्यांहून अधिक मते होकाराची पडली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये मालकी बदलली.

पैशाने फरक पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या विभागात एका हंगामात 32 गोल करणारा पॉल मलिन खाली उतरून रेक्समकडे आला, तो काही हवापालटासाठी नव्हे! तरीही नव्या मालकांच्या पहिल्या पूर्ण हंगामात प्ले-ऑफमध्ये घरच्याच मैदानावर ग्रिम्सबीने 5-4 असे हरवले.

2022-23 मध्ये थेट बढती एकाच संघाला मिळणार होती. एप्रिलमध्ये रेक्सम आणि नॉट्स काउंटी समोरासमोर आले तेव्हा दोघांचे गुण सारखेच, 100. रेक्सम 3-2 ने पुढे असताना अगदी शेवटच्या क्षणी काउंटीला पेनल्टी मिळाली. निवृत्तीतून परत बोलावलेला चाळिशीचा गोलरक्षक बेन फॉस्टर याने ती अडवली. 22 एप्रिलला बोरहॅम वूडने पहिल्याच मिनिटात गोल केला, पण रेक्समने 3-1 ने सामना आणि बढती दोन्ही मिळवली. हंगामाअखेर गुण 111, मलिनचे लीगमधले गोल 38.

आम्ही त्या मुलाला म्हणालो, "बेटा, पैशामुळे गाडी वेगाने धावली, हे खरे. पण 2011 मध्ये गावाने दार उघडे ठेवले नसते, तर हे श्रीमंत पाहुणे आले कुठे असते?"

आमच्या मोहल्ल्यातले वाचनालयही महिन्याच्या दहा-वीस रुपयांच्या वर्गणीवर चालते. कोणी दानशूर येईल तेव्हा येवो. तोवर कुलूप लागू न देणे आपल्या हातात आहे.

मुलगा मात्र एवढ्यावर गप्प बसला नाही. "आणि सर, ते नॉट्स काउंटीवाले?" त्यांनी 107 गुण मिळवले, तरी दुसरेच राहिले. पण तेही प्ले-ऑफ जिंकून त्याच वर्षी वर गेले. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा खुलला.